इम्प्लांटची शस्त्रक्रिया, आणि पत्नीला सांगितलेले हर्नियाचे कारण

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या ५५ वर्षांच्या वाचकांनी हे पत्र लिहिले आहे. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह असून अलीकडच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ९.६ आले आहे. गेली काही वर्षे लिंगाला संबंधासाठी पुरेशी ताठरता येत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली गोळी त्यांनी रात्री जेवणानंतर काही वेळा घेऊन पाहिली. सुरुवातीला थोडा गुण आला, पुढे तोही येईना. पुण्यातील एका युरोलॉजिस्टनी डॉप्लर तपासणी करून लिंगाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी असल्याचे सांगितले आणि लिंगाच्या आत बसवायच्या, तीन भागांच्या फुगवता येणाऱ्या इम्प्लांटचा पर्याय सुचवला. दीड वर्षापासून पती-पत्नींत शरीरसंबंध नाही. पत्नी ५० वर्षांच्या आहेत. ‘तिने कधी एका शब्दानेही तक्रार केली नाही, त्यामुळेच मला जास्त अपराधी वाटते,’ असे ते लिहितात. ठेव मोडून आणि घरी हर्नियाचे ऑपरेशन असल्याचे सांगून शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, असा त्यांचा विचार आहे. ‘असा विषय लिहिल्याबद्दल क्षमस्व’ अशी सुरुवात करून त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत: ऑपरेशननंतर मी पूर्वीसारखा होईन का, आणि पत्नीला न सांगता हे करता येईल का?

स. न. वि. वि.

क्षमा मागण्याचे काही कारण नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, त्यात वाचक असेच प्रश्न पाठवत आणि त्यांना सरळ उत्तरे मिळत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तेव्हा तुम्ही संकोच बाजूला ठेवा, मीही ठेवतो.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची थोडक्यात उत्तरे आधी देतो, म्हणजे पुढचे वाचताना मन अडकून राहणार नाही. इम्प्लांट हा खरा, तपासून पाहिलेला आणि योग्य रुग्णाला चांगले समाधान देणारा उपचार आहे. परंतु तो पूर्वीची स्थिती परत आणत नाही, तो संबंधासाठी लागणारी ताठरता देतो, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की पत्नीला न सांगता हे करता येण्यासारखे नाही, आणि करता आले असते तरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सविस्तर. तुम्हाला सुचवलेले उपकरण नेमके काय असते, हे तुमच्या पत्रावरून तुम्हाला पुरते सांगितले गेलेले दिसत नाही. लिंगाच्या आत लांबीच्या दिशेने स्पंजासारख्या ऊतींचे दोन स्तंभ असतात. त्यांत रक्त भरले की ताठरता येते. शस्त्रक्रियेत या दोन्ही स्तंभांत जागा करून पोकळ नळकांडी बसवतात. पोटाच्या खालच्या भागात, साधारणपणे मूत्राशयाशेजारी, सलाइन भरलेली एक छोटी पिशवी ठेवतात. तिच्यात ६५ ते १०० मिलिलिटरच्या आसपास द्रव मावतो. तिसरा भाग म्हणजे वृषणकोशात, दोन अंडकोषांच्या मध्ये किंवा पुढे, बसवलेला सुपारीहून थोडा मोठा पंप. हे सारे बारीक नळ्यांनी जोडलेले असते आणि बाहेरून काही दिसत नाही. संबंधाच्या वेळी वृषणकोशाच्या त्वचेवरूनच तो पंप चिमटीत धरून अनेकदा दाबावा लागतो. प्रत्येक दाबाबरोबर पिशवीतला द्रव नळकांड्यांत येतो आणि लिंग कडक होत जाते. काम झाल्यावर पंपावरची एक कळ दाबायची, लिंग हलके दाबायचे, की द्रव परत पिशवीत जातो. पहिले काही दिवस ही कळ बोटांना लवकर सापडत नाही, सूज असते, दुखते. म्हणून साधारण चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर स्वतः पंप वापरायला शिकवतात आणि त्यानंतरच संबंधाला परवानगी देतात. ही पद्धत प्रयोगावस्थेतली मुळीच नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉ. ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगवता येणाऱ्या इम्प्लांटची माहिती १९७३ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून त्यात सतत सुधारणा होत आल्या आहेत.

यातून काय मिळते? हवी तेव्हा आणि हवा तितका वेळ टिकणारी ताठरता मिळते. त्वचेची संवेदना, परमोच्च सुखाचा क्षण आणि वीर्यपतन यांच्या वाटा वेगळ्या आहेत. त्या आधी जशा होत्या तशाच बहुतांशी राहतात. याचा अर्थ असाही आहे की ज्या गोष्टी आधीच कमी झाल्या आहेत त्या इम्प्लांटने वाढत नाहीत. इच्छा मंदावली असेल तर पंप ती आणत नाही. लिंगाची लांबी वाढत नाही, उलट अनेकांना ती पूर्वीपेक्षा कमी वाटते, आणि लिंगाचे टोक नैसर्गिक ताठरतेत जसे भरते तसे भरत नाही. ज्यांना हे आधी कोणी नीट सांगितलेले नसते, त्यांची शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही ते नाराज राहतात. ज्यांना हे माहीत असते त्यांच्यात समाधानाचे प्रमाण मोठे आहे. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक अभ्यासांत ते ८० टक्क्यांहून जास्त आढळते. ‘पूर्वीसारखा होईन का’ या तुमच्या प्रश्नात तिशीतले शरीर परत मिळण्याची आशा दडलेली असेल, तर ती आशा शस्त्रक्रियागृहाच्या दारात नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा विचार करण्यासारखी आहे. हा निर्णय मागे घेता येत नाही. नळकांडी बसवताना आतल्या स्पंजासारख्या ऊतींची रचना बदलते, त्यामुळे पुढे इम्प्लांट काढले तरी नैसर्गिक ताठरता परत येण्याची आशा जवळजवळ नसते आणि गोळ्या किंवा इंजेक्शने सहसा काम करत नाहीत. म्हणूनच इम्प्लांटच्या आधीचे उपाय खरोखर करून झाले आहेत का, हे तपासणे आवश्यक ठरते. आणि तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त खटकले ते इथेच.

तुम्ही लिहिता की गोळ्यांचा उपयोग होत नाही. पण ती गोळी तुम्ही कोणाला न विचारता, दुकानदाराने दिलेल्या मात्रेत, रात्रीच्या पूर्ण जेवणानंतर घेतलीत. अशा गोळ्यांत बहुधा असणारे सिल्डेनाफिल हे औषध भरल्या पोटी, विशेषतः तेलातुपाच्या जेवणानंतर घेतले, तर त्याचा परिणाम उशिरा आणि कमी होतो. गोळी घेऊन वाट पाहत बसल्याने ताठरता येत नाही. तिला शरीराची जवळीक आणि उत्तेजना लागतेच. मात्रा ठरवायला डॉक्टर लागतो, आणि एखाददुसऱ्या प्रयत्नावरून निष्कर्ष काढू नये, योग्य मात्रेत किमान सहा ते आठ वेळा घेऊन पाहावे, असे तज्ज्ञ सांगतात. टाडालाफिलसारखी गोळी जेवणावर अवलंबून नसते आणि रोज छोट्या मात्रेतही देता येते. येथे एक इशारा सर्वच वाचकांसाठी: छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट वर्गातील औषधे घेणाऱ्यांनी या गोळ्या कदापि घेऊ नयेत, रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. दुकानातून गुपचूप आणलेल्या गोळीचा धोका नेमका हाच असतो, की हा प्रश्न विचारायला समोर कोणी नसते.

सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची तपासणी झाली आहे का, हेही तुमच्या पत्रात नाही. मधुमेही पुरुषांत हे संप्रेरक कमी असणे बरेच आढळते, आणि ते कमी असेल तर गोळ्याही नीट काम करत नाहीत. रक्तदाबाची किंवा नैराश्याची काही औषधे ताठरतेवर परिणाम करतात. ती स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांपुढे सगळी यादी ठेवा. गोळ्यांच्या पलीकडे निर्वात पंपाचे साधन आहे, ज्यात लिंगावर नळी ठेवून हवा काढतात आणि रक्त आत ओढले गेल्यावर मुळाशी रबरी कडे चढवतात. ते कडे अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायचे नसते. काहींना ते यांत्रिक वाटते, काहींचे त्यावर उत्तम भागते. लिंगात बारीक सुईने घ्यायच्या इंजेक्शनचाही पर्याय आहे. नाव ऐकूनच पुरुष मागे सरतात, पण रोज इन्सुलिन टोचणाऱ्याला ती सुई फारशी वेगळी वाटत नाही. पहिली मात्रा डॉक्टरांसमोरच घ्यायची असते, आणि ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे असते. हे सगळे उपाय तुम्हाला लागू पडतीलच असे नाही. डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह फार कमी असेल तर कदाचित इम्प्लांटच योग्य ठरेल. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तुम्ही मधल्या पायऱ्या सोडून थेट वर पोहोचला आहात, एवढेच म्हणतो.

डॉप्लरच्या त्याच अहवालात आणखी एक सूचना आहे आणि ती ताठरतेपेक्षा मोठी आहे. लिंगाच्या धमन्या साधारण एक ते दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. धमन्यांचा आजार सगळीकडे सारखाच वाढत असला तरी त्याचा परिणाम लहान धमन्यांत आधी जाणवतो, आणि म्हणून मधुमेही पुरुषात ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी येते. तेव्हा इम्प्लांट करा वा न करा, हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन तपासणी करून घ्या. कोलेस्टेरॉल पाहा. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती आजच सोडा. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

साखरेचे तसेच. ९.६ एचबीएवनसी घेऊन ही शस्त्रक्रिया करून घेणे मला योग्य वाटत नाही, आणि बहुतेक अनुभवी शल्यचिकित्सकही ती आठ-साडेआठच्या खाली आणायला सांगतील. पहिल्यांदाच इम्प्लांट बसवलेल्यांमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण साधारण एक ते तीन टक्के मानले जाते. साखर अनियंत्रित असेल तर ते वाढते. आकडा लहान दिसतो, पण संसर्ग झाला की बहुधा सगळे उपकरण काढावे लागते, आत व्रण राहतात, आणि पुन्हा बसवणे अवघड होते. याशिवाय हे यंत्र आहे, ते कधीतरी बिघडणारच. बहुसंख्य इम्प्लांट दहा वर्षांनंतरही चालू असतात, तरी तुमचे वय पाहता आयुष्यात एकदा ते बदलण्याची वेळ येऊ शकते, आणि तो खर्च व तो त्रास आज हिशेबात धरायला हवा.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तीन भागांचे आयात केलेले उपकरण काही लाखांच्या घरात जाते आणि आरोग्य विमा ते देईलच असे नाही. विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. ठेव मोडण्यापूर्वी दुसऱ्या प्रकाराची माहितीही घ्या. अर्धताठर प्रकारात फक्त दोन वाकवता येणाऱ्या कांड्या बसवतात. पंप नाही, पिशवी नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे फार कमी असते. लिंग कायम काहीसे ताठ राहते, एरवी ते खाली वळवून ठेवायचे आणि संबंधाच्या वेळी वर करायचे. कपड्यांतून थोडे जाणवू शकते, ही त्याची गैरसोय. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी या प्रकारातले कमी खर्चाचे भारतीय इम्प्लांट विकसित केले आणि ‘शहा इम्प्लांट’ या नावाने ते ओळखले जाते. ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे, ज्यांना पंप हाताळणे जमणार नाही, त्यांना हा प्रकारच जास्त सोयीचा पडतो. महाग ते आपल्यासाठी चांगलेच, असे इथे समजू नये.

आता तुमच्या पत्नींविषयी. तुमच्या संपूर्ण पत्रात त्यांचे एकही वाक्य नाही. त्या काही बोलल्या नाहीत, एवढेच आहे, आणि त्या न बोलण्याचा अर्थ तुम्ही एकट्याने लावला आहे: ती दुःखी आहे, ती सहन करते आहे, मी तिचा अपराधी आहे. हे खरे असू शकेल. पण तितकेच खरे हेही असू शकेल की तुम्ही रात्री पाठ वळवून झोपू लागलात, हात धरणेही थांबवलेत, आणि त्यांना वाटले की आपणच आता नकोशा झालो. ज्याला ताठरतेची खात्री उरत नाही तो पुरुष अनेकदा साधा स्पर्शही टाळतो, कारण स्पर्शातून पुढची अपेक्षा निर्माण होईल अशी त्याला भीती असते. आणि त्याच्या पत्नीला मात्र त्या स्पर्शाचीच उणीव सर्वांत जास्त जाणवत असते. शिवाय पन्नाशीतल्या स्त्रीच्या शरीरातही बदल होतात. पाळी जाताना योनिमार्ग कोरडा होतो, संबंध दुखू लागतो, आणि पुष्कळ स्त्रिया तेही नवऱ्याला सांगत नाहीत. कदाचित दीड वर्षाच्या या विरामात त्यांना सुटकाही वाटली असेल. तुम्ही लाखो रुपये घालून, शरीर कापून घेऊन, त्यांच्यासाठी जी भेट आणणार आहात ती त्यांना हवी आहे का, हे विचारल्याशिवाय कसे कळणार?

हर्नियाची कथा टिकणारही नाही. या शस्त्रक्रियेचा छेद बहुधा लिंग आणि वृषणकोश जिथे मिळतात तिथे असतो. एखादी रात्र लघवीची नळी राहते, वृषणकोशाला सूज येते, तो काळानिळा पडतो, दोन-तीन आठवडे चालताना जपावे लागते. तुमचे कपडे धुणाऱ्या, औषधे वेळेवर देणाऱ्या, पाय उंच ठेवायला उशी आणून देणाऱ्या त्याच असणार. त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने, दीड वर्षांच्या खंडानंतर, एके रात्री तुम्ही अचानक तयार असाल आणि हात लागला तर त्यांना आत पंप जाणवेल. त्या क्षणी त्यांच्या मनात जो संशय येईल तो तुमच्या आजाराविषयीचा नसेल. ज्या शस्त्रक्रियेचा हेतूच दोघांचा सहवास आहे, तिच्यात जोडीदाराला अंधारात ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि म्हणूनच चांगले शल्यचिकित्सक आधी जोडीदारालाही बोलावून घेतात.

बोलायची सुरुवात कशी करावी, असे तुम्ही म्हणाल. अंथरुणात करू नका. दिवसा करा, घरात कोणी नसताना, किंवा संध्याकाळी फिरायला जाताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत पाहावेच लागत नाही. ‘साखरेमुळे मला हा त्रास झाला आहे, मी डॉक्टरांना दाखवले, आणि तुला सांगायची लाज वाटली म्हणून लांब लांब राहिलो, तुझ्यात काही कमी नव्हते,’ एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. मग थांबा आणि त्यांना बोलू द्या. त्या लगेच काही बोलल्या नाहीत तर उत्तरासाठी आग्रह धरू नका. इम्प्लांटचे नाव पहिल्याच दिवशी काढण्याची गरज नाही. पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जा. संबंध पुन्हा सुरू व्हायचा असेल तर त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटणेही उपयोगी ठरेल, कारण वंगणासाठीचे जेल किंवा स्थानिक औषध यांनी त्यांचा त्रास पुष्कळ कमी होऊ शकतो. दरम्यान, पूर्ण संबंधाची अपेक्षा न ठेवता जवळ येणे पुन्हा सुरू करा. ताठरतेविना स्पर्शाचे सुख मिळत नाही ही समजूत पुरुषांची आहे, शरीराची नाही.

तुमच्यासारखा पण थोडा वेगळा प्रश्न असलेले वाचकही हे वाचत असतील. पहाटे ताठरता येते पण जोडीदारासमोर येत नाही, अशा तरुणाने इम्प्लांटचा विचारही करू नये. त्याला समुपदेशकाची गरज आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मज्जातंतूंना सावरायला दीड-दोन वर्षे लागू शकतात, तेव्हा घाई नको. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत; त्यांच्यापैकी एखाद्याला उत्तेजना नसताना वेदनादायक ताठरता येऊन ती तासन्‌तास उतरत नसेल, तर ती आणीबाणी समजून त्याच रात्री रुग्णालयात जावे, लाजेपायी सकाळपर्यंत थांबू नये, कारण त्या विलंबानेच कायमची हानी होते. आणि भिंतींवर, बसथांब्यांवर, मोबाइलवर ‘हमखास ताकद’ देणारी जी औषधे दिसतात, त्यांच्या अशा जाहिराती १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बेकायदा आहेत. अनेक ‘वनौषधी’ चूर्णांत सिल्डेनाफिलच गुपचूप मिसळलेले आढळले आहे. हृदयरोग्याने ते घेतले तर काय होऊ शकते, ते वर लिहिलेच आहे.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो. या महिन्यात पत्नीशी बोलणे, हृदयाची तपासणी, आणि साखरेसाठी मधुमेहतज्ज्ञ. पुढचे तीन महिने साखर खाली आणताना गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य रीतीने घेऊन पाहणे, आणि तिचा उपयोग झाला नाही तर निर्वात पंप किंवा इंजेक्शन. त्यानंतरही दोघांना हवे आहे आणि दुसरे काही लागू पडत नाही असे ठरले, तर इम्प्लांट निःशंक मनाने करून घ्या. गुडघा बदलून घेणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही, तशी तुम्हीही स्वतःला ठेवू नका. शल्यचिकित्सक निवडताना त्यांना सरळ विचारा: तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, संसर्ग झाल्यास काय कराल, उपकरण बिघडले तर कंपनीची हमी कशाकशाची आणि किती वर्षांची आहे, आणि हे बसवून घेतलेल्या एखाद्या रुग्णाशी त्यांच्या संमतीने बोलता येईल का. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच शस्त्रक्रिया करणाऱ्यापेक्षा नियमित करणारा बरा, मग त्यासाठी पुण्याऐवजी मुंबईला जावे लागले तरी चालेल. शस्त्रक्रियेनंतर उपकरणाचे नाव व क्रमांक असलेले कार्ड मिळेल. ते जपून ठेवा आणि पुढे कधी एमआरआय करायचा असेल किंवा लघवीची नळी घालायची असेल तर ते आधी दाखवा. बैठ्या कामावर दोन आठवड्यांत परतता येते. जड उचलणे आणि दुचाकी मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद ठेवा.